भिंतीपलीकडचं व्याख्यान

माझं अक्षर चांगलं आहे हे आमच्या ह्यांना लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात कळलं आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

हे रिसोडच्या शाळेत मास्तर होते आणि गावच्या वाचनालयाचे चिटणीस. वाचनालयाच्या ओसरीवर एक फळा टांगलेला असे, शाळेतून बाद झालेला, खालच्या कोपऱ्यात चीर गेलेला. त्याच्या माथ्यावर 'आगामी कार्यक्रम' असं पांढऱ्या रंगानं कायमचं रंगवलेलं होतं आणि त्याखाली खडूनं लिहायचं. ह्यांचं अक्षर इतकं गचाळ की बुधवारच्या व्याख्यानाला लोक गुरुवारी येत आणि कुलूप बघून समितीला शिव्या देत परत जात. एकदा मी माहेरी लिहिलेलं पत्र ह्यांच्या नजरेस पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयाचा म्हातारा शिपाई फळा डोक्यावर घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा. म्हणाला, "मास्तरनं सांगतलं, बाईजवळून लिहून आन." मी पोळ्या सोडून उठले, हात धुतले आणि लिहून दिलं. चांगलं दिसलं, हीच माझी चूक झाली.

पुढचे चार हिवाळे तो फळा आमच्या चुलीशेजारच्या भिंतीला टेकून उभा राहिला. आमचा भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता, मुंबई राज्यात अजून गेला नव्हता, आणि नागपूर-अमरावतीकडून कुणी विद्वान वाशीमपर्यंत रेल्वेनं आणि तिथून मोटारीनं धूळ खात आला तर गावाला मोठं अप्रूप असायचं. दरवर्षी हिवाळ्यात सहा व्याख्यानं आणि एक नाटक, असा वाचनालयाचा नेम होता. 'गीतेतील कर्मयोग', 'पंचवार्षिक योजना आणि आपण', 'कपाशीवरील कीड', 'मी कादंबरी कशी लिहितो' अशी सगळी व्याख्यानं मी फळ्यावर लिहिली. वक्त्याचं नाव मोठं, विषय त्याहून लहान, अध्यक्षांचं नाव मात्र वक्त्याहून मोठं, कारण अध्यक्ष जिनिंगचे मालक होते आणि गॅसबत्त्या त्यांच्याकडून यायच्या. आणि सगळ्यात खाली, दरवेळी, 'सर्वांनी अगत्य यावे'.

त्या सर्वांत मी नव्हते. कुणी तसं म्हटलं नव्हतं बरं का, तीच तर गोम होती. मी ह्यांना पहिल्याच वर्षी विचारलं होतं की कादंबरीवाल्याला ऐकायला मी येऊ का. हे जेवत होते. घास गिळून म्हणाले, "मी कुठी नाई म्हणलं? पण तू बसशीन कुठी?" मी म्हटलं, सतरंजीवर. हे म्हणाले, "सतरंजीवर तं सारे मानसं बसतात." मी म्हटलं, मागे बसेन. तर म्हणाले, "मागं चपला राह्यतात." मग ताक मागितलं. एवढ्यावर विषय संपला. भांडायला निदान समोर कुणीतरी 'नाही' म्हणणारं लागतं. इथे सगळे 'हो' म्हणून बसलेले आणि बसायला जागा नाही. कीर्तनाला बायका जात, नाटकाला जात, तिथे त्यांच्यासाठी कनात लागे. व्याख्यानाला कनात लावायची कुणाला आठवण होत नसे, कारण बायका येत नसत, आणि बायका येत नसत कारण कनात नसे.

आम्ही राहायचो ते दोन खोल्यांचं बिऱ्हाड वाचनालयाला लागून होतं. माझं स्वयंपाकघर आणि त्यांचा हॉल यांच्यात एकच भिंत. संध्याकाळी पलीकडे व्याख्यान सुरू झालं की मी चूल धगधगू न देता, भांड्यांचा आवाज न करता कान देऊन बसायची. शब्द कळत नसत. भिंत जाड मातीची, तिच्यातून माणसाचा आवाज नुसता घुमायचा. टाळ्या तेवढ्या स्पष्ट यायच्या आणि खोकले. रिसोडच्या कुठल्या प्रतिष्ठित माणसाचा खोकला कसा, हे मी चार वर्षांत पक्कं ओळखायला लागले. कादंबरी कशी लिहितात ते मात्र कळलं नाही. रात्री हे घरी आल्यावर विचारावं, काय म्हणाले हो? तर हे म्हणणार, "चांगलं बोलले." शाळेतल्या पोरांना 'सविस्तर उत्तर लिहा' म्हणून छड्या मारणारा माणूस घरात दोन शब्दांत उत्तर द्यायचा. मला त्या वेळी काहीतरी फेकून मारावंसं वाटायचं, आणि मी ताट वाढायची.

चौथ्या वर्षी वाचनालयात एका बाईंचं गोष्टींचं पुस्तक आलं. अमरावतीच्या बाई. हे घरी घेऊन आले ते कपाटात ठेवण्याआधी कव्हर घालून द्यायला, तेही माझंच काम. मी कव्हर घालायला आठ दिवस लावले आणि पुस्तक तीनदा वाचलं. एका गोष्टीतली बाई पहाटे दळता दळता मनात आईला मोठं पत्र लिहिते आणि दळण संपतं तेव्हा पत्रातला एकही शब्द तिला आठवत नाही. बस्स, एवढीच गोष्ट. ते वाचून मी कव्हराच्या खळीचा हात तसाच घेऊन किती वेळ बसले होते. पहिल्या पानावर अर्पणपत्रिका होती, 'ज्यांनी मला लिहू दिलं त्यांना'. नवऱ्यालाच असणार, दुसरं कोण. मला त्या बाईंचा हेवा वाटला, आणि त्या नवऱ्याचं कौतुक.

त्याच सुमाराला सहाव्या व्याख्यानाचे प्रोफेसर आजारी पडले. समितीला माणूस मिळेना. मी वाढता वाढता म्हटलं, ह्या बाईंना बोलवा. ह्यांनी डोळे वर करून पाहिलं. पण अध्यक्षांच्या डोक्यात त्या वर्षी आपण महिलांसाठी काही केलं असं दिसावं अशी हवा होती, म्हणून ते चटकन हो म्हणाले. पत्र मी लिहिलं, सही ह्यांनी केली. पत्त्यावर मी 'सौ.' लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं. येते, रविवार सोयीचा, विषय 'बाईनं लिहायचं ते कुणासाठी'. खाली सही होती, नुसतं नाव आणि आडनाव. 'सौ.' नव्हतं. ते मला दिसलं होतं. हे मी मुद्दाम सांगते. दिसलं होतं आणि मी मनाशी म्हटलं, लेखिका आहेत, त्या असलं काही लावत नसतील.

आता बायका आणायच्या कुठून? सासूबाईंनी पहिल्या दमात निकाल दिला. "भाषन आयकाले कोन येते वं? घरची कामं काय भाषन करून ठेवते?" त्यांचं खोटं नव्हतं. कुठल्या घरातली सून सासूपुढे उभी राहून म्हणेल की मी व्याख्यानाला जाते? तेव्हा मला युक्ती सुचली. संक्रांतीचा महिना चालू होता, रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू. हळदीकुंकवाला निघालेल्या बाईला कुणी अडवत नाही, सासू स्वतः म्हणते जा. मग वाचनालयाच्या हॉलमध्येच हळदीकुंकू ठेवायचं आणि त्यातच व्याख्यान. सासूबाई विचारात पडल्या आणि मग खूशही झाल्या, कारण एवढ्या मोठ्या जागेत त्यांनी आजवर हळदीकुंकू केलं नव्हतं. त्यांची एकच अट, "आदी कुंकू, मंग तुमचं थे भाषन." मी म्हटलं, कबूल. युक्ती माझीच होती. पुढे मी ह्या सगळ्याचा राग बाकीच्या साऱ्यांवर काढला, म्हणून इथे लिहून ठेवते.

फळा आला. शनिवारी संध्याकाळी नाटक, रविवारी दुपारी तीनला व्याख्यान. नाटकाचं नाव मंडळींच्या हुकमावरून अर्धा फळा व्यापेल एवढं मोठं काढावं लागलं. माझ्या व्याख्यानाला खालची जागा उरली, चीर गेलेली. 'कुणासाठी' हा शब्द चिरेवर आला आणि दोनदा पुसून लिहावा लागला. त्याखाली लिहिलं, 'महिलांसाठी. हळदीकुंकू.' त्या दिवशी 'सर्वांनी अगत्य यावे' लिहिताना मला पहिल्यांदा बरं वाटलं.

नाटकाचं काय सांगू. महिनाभर तालमी हॉलमध्ये, म्हणजे माझ्या भिंतीपलीकडे. सामाजिक नाटक होतं आणि नायिका तिसऱ्या अंकात मरायची, ती रोज मेली. नायिकेचं काम जिनिंगमधले एक कारकून करत. गोरे, अंगानं बेताचे, आवाज मऊ. त्यांची बायको आधीच्याच पावसाळ्यात बाळंतपणात गेली होती, आणि घरी दोन पोरी आजीजवळ. तरी मंडळींनी त्यांना सोडलं नाही, कारण दुसरं कुणी मिशी काढायला तयार नव्हतं. नायिकेला लुगडी कुणाची? माझी. लग्नातला शालू, दोन नागपुरी काठाची लुगडी, माझी नथ, माझ्या बांगड्या चढेनात म्हणून सासूबाईंच्या. हे एकेक वस्तू घेऊन जात आणि म्हणत, "नाटक झालं की देतो." चार वर्षं मी त्यांच्या कार्यक्रमाला अक्षर दिलं होतं, आता कपडेही दिले. फक्त मीच काय ती नको होते.

नायिका नटायची आमच्या बाहेरच्या खोलीत, कारण स्टेज वाचनालयाच्या अंगणात, गाड्यांवर फळ्या टाकून उभं केलेलं. आणि तिथे एक रिवाज होता. पूर्वी कधीतरी नाटकाच्या ऐन रंगात गॅसबत्ती फुटली होती आणि पडदा जळाला होता. तेव्हा कुणीतरी म्हातारीनं सांगितलं की नटलेल्या नायिकेची ओटी न भरता तिला बाहेर पाठवली म्हणून हे झालं. तेव्हापासून ओटी भरल्याशिवाय पडदा वर जात नसे. त्या शनिवारी दिवेलागणीला कारकून माझ्या शालूत, माझी नथ घालून पाटावर बसले. सासूबाईंनी हळद लावली, कुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ पदरात घातले. मी आरसा धरून उभी होते. कारकून मान वर करून म्हणाले, "आत्याबाई, कुंकू जरा मोठ्ठं लावा. मागच्याईले दिसलं पाह्यजे." सासूबाई हसल्या, बोटानं कुंकू वाढवलं आणि म्हणाल्या, "अखंड सौभाग्यवती हो, बाई." दारात जमलेल्या बायकाही हसल्या, मीही हसले. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे वाकून सासूबाईंना नमस्कार केला आणि पदर सावरत स्टेजकडे गेले. नाटक चांगलं झालं म्हणतात. मी कनातीमागून नायिकेची पाठ पाहिली, तीही माझ्या शालूमुळे ओळखली.

रविवारी मी पहाटेच उठले. तिळगूळ, बोरं, हरभऱ्याचे घाटे, ऊस, आणि वाण म्हणून बाजारातून आणलेल्या लाकडी फण्या. हॉल झाडला, सतरंज्या घातल्या, टेबल मांडलं, खुर्ची ठेवली. एक वाजता हे मोटार स्टँडवर बाईंना आणायला गेले. दोन वाजता परत आले ते तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे. बाई ओसरीवर चपला काढत होत्या. हे आत येऊन मला म्हणाले, "बाईच्या कपाळाले कुंकू नाई."

मी म्हटलं, धुळीनं पुसलं असेल.

"पुसलं नाई," हे म्हणाले. "नाईच." आणि बाहेर गेले. बस्स, एवढंच. पुढे काय करायचं हे नेहमीप्रमाणे माझ्यावर.

बाई साधारण चाळिशीच्या होत्या. फिकट निळं पातळ, हातात घड्याळ, कपाळ मोकळं. मी लोटाभर पाणी दिलं, त्या ते घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, रस्ता फार वाईट आहे तुमच्याकडचा. मला त्या आवडल्या. मी त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं, की बाई, असं असं आहे, चूक माझी आहे. पण तोवर बायका यायला लागल्या आणि मी ताट घ्यायला पळाले. पळाले हाच शब्द बरोबर आहे.

बायका आल्या, आणि किती आल्या म्हणून सांगू. ठेवणीतली लुगडी, नथी, कडेवर पोरं. वाचनालयाच्या आत गावातल्या बायका त्या दिवशी पहिल्यांदा शिरल्या. कपाटांच्या काचांवर बोटं फिरवून पाहत होत्या, एकीनं विचारलं, एवढी पुस्तकं वाचते कोण. हॉल भरला. बाहेर ओसरीवर मात्र चौघीजणी बसल्या होत्या, कपाळं मोकळी, पदर डोक्यावरून घेतलेले. त्यांत आमच्या मागच्या गल्लीत चोळ्या शिवणारी बाई होती. हळदीकुंकवात त्या आत येणार नव्हत्या आणि त्यांना कुणी या म्हटलंही नाही. त्या फळा वाचून आल्या होत्या. 'व्याख्यान' हा शब्द फक्त त्यांनीच मनावर घेतला होता.

बाई खुर्चीवर येऊन बसल्या. मी ताट घेऊन त्यांच्यासमोर उभी. पहिला मान पाहुणीचा, हे मीच ठरवलेलं. हॉलमधली कुजबूज थांबली. माझं बोट कुंकवात बुडालेलं होतं. मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, "थांब." आदल्या संध्याकाळी त्याच करंड्यातलं कुंकू त्यांनी एका मिशी काढलेल्या माणसाला मोठ्ठं लावलं होतं, बायको गेलेल्या माणसाला, आणि अखंड सौभाग्य दिलं होतं. ते मला तिथेच आठवलं. आठवूनही माझा हात पुढे गेला नाही. मला असं लिहायला फार आवडलं असतं की गेला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मला राहू द्या. तुम्ही ह्या सगळ्यांना लावा. मी थांबते ना."

मग मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आणि इथे माझी खरी अक्कल उघडी पडली. हळदीकुंकवाची रीत मी जन्मापासून पाहत आले होते. बाई येते, कुंकू घेते, तिळगूळ घेते, वाण पदरात पडलं की उठते आणि पुढच्या घरी जाते. महिनाभरात किती घरं गाठायची असतात. हळदीकुंकवाला कुणी बसून राहत नाही. हे मला माहीत नव्हतं का? तर होतं. पण युक्तीच्या नादात मी ते पार विसरले होते. पहिलीला फणी दिली, ती उठली. दुसरीला दिली, ती उठली. मी म्हणायची, बसा ना, आता बोलणार आहेत. त्या म्हणायच्या, "येतो वं, सासू वाट पाह्यते." काही खुर्चीकडे पाहून पदर तोंडाला लावून गेल्या, त्यांचं कारण वेगळं असेल. पण बहुतेक जणी नुसत्या रीतीनं गेल्या. मी जिला कुंकू लावावं ती जाते, आणि थांबताही येईना, कारण अर्ध्यावर थांबले तर उरलेल्या सवाष्णींचा अपमान. माझ्याच हातानं मी हॉल रिकामा करत गेले, आणि बाई खुर्चीत बसून पाहत होत्या. त्यांच्या मांडीवर व्याख्यानाचे कागद होते.

साडेतीनच्या सुमाराला शेवटची गेली. सतरंज्यांवर बोरांच्या बिया आणि उसाची चिपाडं. मी ताट घेऊन मधोमध उभी. मला रडू येत होतं आणि रडूपेक्षा संताप जास्त. ह्यांच्यावर, समितीवर, सासूबाईंवर, त्या फण्यांवर.

बाई उठल्या. त्या ओसरीच्या दाराशी गेल्या आणि बाहेर बसलेल्या चौघींना म्हणाल्या, "आत या ना. आता जागा झाली आहे."

चौघी एकमेकींकडे पाहत आत आल्या. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत, सतरंजीवर बिया बाजूला सारून बसल्या. मी पुढे झाले, तशी सासूबाईंनी माझा दंड धरला. "हातात कुंकवाचं ताट घेऊन तू तथी बसशीन?" खरंच, ताट होतंच हातात. म्हटलं, ठेवून येते. घरात गेले, ताट देवाजवळ ठेवलं. तेवढ्यात हे आले. "पाचची मोटर हाय. चहा टाक. सोबत काई बांधून दे." मी चहा टाकला. चहा होईपर्यंत शिरा करू म्हटलं, रवा भाजायला घेतला. रवा भाजताना हात सोडता येत नाही.

आणि भिंतीतून आवाज यायला लागला. तोच घुमणारा आवाज, शब्द नसलेला. फक्त ह्या वेळी टाळ्या नव्हत्या, खोकले नव्हते. मधूनच दुसराच कुणाचा आवाज येई. चोळ्या शिवणारी बोलत होती बहुतेक, बराच वेळ बोलली. मग सगळ्या हसल्या. मग पुष्कळ वेळ काहीच ऐकू आलं नाही, मी कढई उतरवून कान लावला तरी नाही. मग पुन्हा बाईंचा आवाज. मी त्या भिंतीशी उभी होते, हातात उलथणं. मला कुणी बांधून घातलं नव्हतं. सासूबाई अंगणात भांडी गोळा करत होत्या, हे टांगा बघायला गेले होते. वीस पावलं चालून गेले असते तर पोचले असते.

चहा घेऊन गेले तेव्हा बाई उठत होत्या. कागद तसेच घडी घातलेले होते. चहा पिताना त्या मला म्हणाल्या, "पत्राचं अक्षर तुमचंच ना? फळ्यावर पाहिलं आणि ओळखलं." मी मान हलवली. "काही लिहिता का तुम्ही?"

मी म्हटलं, "फळा लिहिते."

त्या हसल्या नाहीत. माझ्या हातावर हात ठेवला, शिऱ्याचा डबा घेतला आणि टांग्यात बसल्या. क्षमा माझ्या ओठांवर होती. टांगा वळला तेव्हाही ती ओठांवरच होती.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी वाचनालयाच्या वहीत वृत्तांत लिहून मागितला. मी म्हटलं, काय लिहू? हे म्हणाले, "लिही ना, कार्यक्रम उत्साहात पार पडला, महिलांची उपस्थिती मोठी होती." मी चांगल्या अक्षरात तसं लिहिलं. दुपारी फळा आला. मी तो ओल्या फडक्यानं पुसला. बाकीचं सगळं गेलं, चिरेत भरलेला खडू तेवढा निघेना.

पाच-सहा दिवसांनी मी शिवायला टाकलेली चोळी आणायच्या निमित्तानं मागच्या गल्लीत गेले. चोळ्या शिवणारी दारातच उजेडाला बसली होती. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, मावशी, त्या दिवशी बाई काय बोलल्या हो?

तिनं सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

"तू काहून नाई आली मंग?" ती म्हणाली. "दार तं उघडंच होतं."

मी म्हटलं, रवा भाजत होते. तिनं चोळीची घडी घालून माझ्या हातात दिली आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली.